उंदराची साखर उतरली, काकूंची चढली!

मैत्रिणींनो, खडवली स्टेशनवर सकाळची कल्याणकडे जाणारी लोकल पकडायची घाई तुम्हाला काही नवी नाही. अशाच एका सकाळी आमच्या शेजारच्या काकू फलाटावरच्या बाकड्यावर मटकन बसल्या. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात नेलं तर रक्तातली साखर ३८० च्या वर! डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेता ना?" काकू गप्प. मग हळूच म्हणाल्या, "दोन महिने झाले, बंद केल्यात. पावडर चालू आहे."

ही पावडर आमच्याच बचत गटाच्या बैठकीत आली होती. ओळखीतलीच एक मुलगी घेऊन आली. एक डबा चौदाशे रुपयांचा! सोबत गुळगुळीत कागदाचं पत्रक, त्यावर जांभळाच्या बिया, गुडमार, मेथी, कारलं यांची चित्रं आणि खाली ठळक अक्षरात 'मधुमेही उंदरांवरील प्रयोगात सिद्ध'. आम्ही सगळ्याच माना डोलावत होतो. मीसुद्धा! मी कला शाखेची पदवीधर, 'प्रयोगात सिद्ध' म्हटलं की आपण मान तुकवतो. पण काकूंना सलाईन लागलेलं पाहिलं आणि ठरवलं की या उंदरांची चौकशी करायचीच.

पहिला प्रश्न: उंदराला मधुमेह होतो कसा? बऱ्याच प्रयोगांत तो मुद्दाम केला जातो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचतात. त्याने स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मरतात आणि काही दिवसांतच साखर चढते. काही ठिकाणी तेलकट-तुपकट खाणं घालून किंवा जन्मजात दोष असलेले उंदीर वापरूनही प्रयोग होतात. पण आपल्या काकूंचा मधुमेह असा सुई टोचून झालेला नाही. तो वीस वर्षांत हळूहळू आला. त्यांच्या शरीरात इन्शुलिन होतं, पण ते नीट काम करेना. आजाराचं नाव एक, पण मूळ वेगळं!

दुसरा प्रश्न मात्रेचा. अशा प्रयोगांत वनस्पतीचा अर्क उंदराच्या दर किलो वजनामागे २००, ४०० मिलिग्रॅम असा देतात. शास्त्रज्ञ उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण बाराने भागतात, कारण उंदराचं शरीर फार भरभर चालतं. तरी ४०० च्या हिशेबाने साठ किलोच्या बाईला रोज २ ग्रॅम अर्क लागेल. साधी पूड नव्हे, अर्क! डब्यातल्या चमचाभर पुडीत किती अर्क आहे, ते पत्रकात कुठेच नव्हतं.

तिसरा प्रश्न काळाचा. हे प्रयोग बहुतेक चार ते आठ आठवडे चालतात. उंदराला सणवार नाहीत, लग्नाच्या पंगती नाहीत, सासूबाईंचा आग्रह नाही. मोजून दिलेलं खाणं आणि पिंजरा. आपल्याला हा आजार तीस-तीस वर्षं सांभाळायचा असतो.

म्हणजे उंदरांवरचे प्रयोग खोटे का? मुळीच नाही. १९२१ मध्ये कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, म्हणून १९२२ मध्ये पहिल्या रुग्णाला इन्शुलिन मिळालं. आणि काकूंनी बंद केलेली मेटफॉर्मिनची गोळी? तिचं मूळही एका वनस्पतीच्या औषधी गुणांच्या शोधात आहे! म्हणजे 'झाडपाला विरुद्ध इंग्रजी औषध' असं हे भांडण नाहीच. फरक एवढाच की मेटफॉर्मिन प्राण्यांवर थांबलं नाही. हजारो माणसांवर, वर्षानुवर्षं तपासलं गेलं. प्राण्यांवरचा प्रयोग ही पहिली पायरी. पत्रकवाले तिलाच माडी म्हणून विकतात.

आणि पुढच्या पायरीवर पाय घसरतोही. 'ड' जीवनसत्त्वाबद्दल प्राण्यांवरच्या प्रयोगांनी मोठी आशा दाखवली होती. मग अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज ४,००० युनिट 'ड', निम्म्यांना नुसती गोळी. २०१९ मध्ये निकाल आला. मधुमेह टळण्यात ठोस फरक दिसला नाही. मेथीचंच बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ती मोजक्या रुग्णांना देऊन पाहिली, साखर उतरलीही. पण मात्रा होती दिवसाला २५ ते १०० ग्रॅम! मेथी खावी, जांभळाच्या दिवसांत जांभळंही खावीत. पण गोळीच्या जागी नव्हे, जेवणाच्या ताटात.

कायदा काय म्हणतो, तेही सांगते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानुसार मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात करता येत नाही. तरीही अशा जाहिराती झळकतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला अशाच जाहिरातींवरून फैलावर घेतलं, वर्तमानपत्रांत जाहीर माफी छापावी लागली. ती स्वीकारून ऑगस्ट २०२४ मध्ये अवमानाचं प्रकरण मिटलं. आणि डब्यावरचा तो चौदा आकडी अन्न परवान्याचा नंबर? तो म्हणजे धंद्याला परवानगी. गुण येण्याची हमी नव्हे. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावंच लागतं. आमच्या डब्यावरही होतं. तळाशी, मुंगीच्या अक्षरात!

आता उंदरांचा आणखी एक प्रयोग सांगते. तो कुठल्याच डब्यावर छापलेला दिसणार नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढवल्या होत्या. पुण्यात काम केलेले डॉ. आनंदवर्धन हार्डीकर, केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या उंदरांना मधुमेहाचा धोका जास्त, अंगात 'बी-१२' कमी. पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी बिघाड निघाला नाही!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, हेही उंदीरच की!" बरोबर. पत्रकाला लावलं तेच माप इथेही लावायला हवं. पण इथे माणसांचा अभ्यासही आहे. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांची पाहणी केली. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त. बऱ्याच आयांमध्ये 'बी-१२' कमी होतं. आईच्या ताटाचा आणि मुलाच्या पुढच्या साखरेचा संबंध आहे, असं हे काम सांगतं.

इथे मला आमच्या काकू आठवतात. लहानपणी भावांच्या नंतर जेवल्या, लग्नानंतर सगळ्यांच्या नंतर. उरलेली भाकरी, तळाची आमटी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या किती जणींची गोष्ट अशीच असेल?

म्हणून सांगते. कुठलीही पावडर घ्यायची असली तर डॉक्टरांना दाखवून घ्या आणि चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. तीस वर्षं झाली की प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी असते, तीही डॉक्टरांना विचारून करा. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर 'बी-१२' तपासायला सांगा, कारण या गोळीने ते कमी होऊ शकतं. आणि घरातल्या मुलीला, सुनेला पहिल्या पंगतीला बसवा. दूध, दही, अंडं, डाळ तिच्याही वाटीत पडू द्या.

काकू आता बऱ्या आहेत. गोळ्या सुरू आहेत, संध्याकाळी भातसा नदीपर्यंत फेरी असते. पावडरीचा उरलेला डबा घासून त्यात त्यांनी मेथीदाणे भरून ठेवलेत. परवा त्यांच्या घरी गेले तर नात शाळेतून आली होती. काकूंनी आधी तिला वाढलं, मग तिच्याच शेजारी स्वतःचं ताट घेऊन बसल्या. मला हाक मारली, "ये गं, तूही बस. मागाहून जेवायचं आता बंद!"