छेद, अंश आणि षष्ठी विभक्ती

साहित्याच्या वर्तुळात गणित न येण्याचा एक सूक्ष्म अभिमान बाळगला जातो. 'गणिताशी आमचे वाकडे' असे मराठीचे प्राध्यापक हसत सांगतात आणि विद्यार्थी कौतुकाने ऐकतात. या विनोदास आमचा आक्षेप आहे. शाब्दिक उदाहरणापाशी अडलेले मूल पुष्कळदा गणितात नव्हे, मराठीत अडलेले असते.

उदाहरण घेऊ. 'एका अपूर्णांकाचा छेद अंशाच्या दुपटीपेक्षा ३ने मोठा आहे. अंश व छेद यांत प्रत्येकी १ मिळवल्यास ३/७ हा अपूर्णांक मिळतो.' अंश क्ष मानल्यास छेद २क्ष + ३ आणि उत्तर ५/१३. आता 'दुप्पट' केवळ अंशाची न मानता ३सकट मानली, तर छेद २(क्ष + ३) होतो आणि उत्तर १४/३४. दोन्ही समीकरणे बिनचूक सुटतात. ६/१४ आणि १५/३५ हे दोन्ही ३/७च. चूक सापडते ती पहिले वाक्य पुन्हा वाचल्यावरच. कोणते पद कोणाशी जोडायचे, यालाच आपण कवितेच्या तासाला अन्वय म्हणतो.

भास्कराचार्यांना ही फारकत ठाऊक नव्हती. 'लीलावती'त (११५०) भुंग्यांच्या थव्याचा पंचमांश कदंबावर जातो, तृतीयांश शिलींध्रावर, या दोन भागांतील फरकाची तिप्पट कुटजावर. आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या गंधात घुटमळतो. थवा १५ भुंग्यांचा. तो एकटा भुंगा निव्वळ अलंकार समजून गाळला, तर समीकरणाचे उत्तर शून्य येते. तेथे काव्य आणि गणित एकाच पदावर उभे आहेत.

आज मात्र शिकवण्यांतून 'चा-ची-चे दिसले की गुणाकार, मिळून दिसले की बेरीज' असे तोडगे पाठ करवले जातात. हे वाचन नव्हे, वाचन टाळण्याचे शिक्षण आहे. त्याचा दोष एकट्या गणितशिक्षकांच्या माथी मारता येणार नाही. वाक्य उलगडण्याचे काम ज्यांचे, त्यांनीच ते रूक्ष म्हणून टाकून दिले.

भाषा ही गणिताची दासी नव्हे, असे यावर कोणी म्हणेल. मान्य, पण 'पेक्षा' आणि 'इतका' यांतील भेद ज्याला जाणवत नाही, त्याला कवितेतील अनेकार्थता तरी कशी जाणवावी? मराठीच्या तासाला आठवड्यातून एक शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहावे, ते सोडवू नये, केवळ त्याचा अन्वय लावावा. एवढी मागणी आम्ही मराठीच्या अध्यापकांकडे करीत आहोत.