विश्लेषण : झिजलेले टायर ऑटोक्रॉसमध्ये चालतात, मग रस्त्यावर का नाहीत?

टायर झिजला की टायरवाला एका वाक्यात निकाल देतो : 'ग्रिप गेली, आता बदला.' अमेरिकेत ऑटोक्रॉस खेळणारे अनेक हौशी चालक मात्र असे टायर फेकत नाहीत, स्पर्धेसाठी राखून ठेवतात. काही जण तर नव्या टायरची नक्षी यंत्रावर तासून घेतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्यामागचे शास्त्र पक्के आहे. ते अर्धवट समजले तर मात्र जिवावर बेतू शकते.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

मोकळे पार्किंग किंवा विमानांसाठी न वापरली जाणारी धावपट्टी, त्यावर वाहतूक पोलीस ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग आणि एका वेळी एकच गाडी. स्पर्धा घड्याळाशी. एक फेरी साधारण मिनिटभराची. अमेरिकेत १९४४ मध्ये स्थापन झालेला 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' हा खेळ 'सोलो' नावाने चालवतो. शंकू पाडला तर २ सेकंदांचा दंड. वेग फार तर महामार्गावरचा, त्यामुळे रोज ऑफिसला नेतो तीच गाडी घेऊन येणारेही यात भरपूर असतात.

नक्षी कमी, तरी पकड जास्त कशी?

आपल्या बोलण्यात टायरवरच्या नक्षीलाच 'ग्रिप' म्हणतात. गोंधळ इथूनच सुरू होतो. कोरड्या डांबरावर पकड देते ते रबर. खाचा असतात त्या मुख्यतः पाणी बाहेर काढायला. म्हणूनच फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर पूर्ण गुळगुळीत टायरवर धावतात.

कारच्या नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते, म्हणजे रबराचे उंच सुटे ठोकळेच. जोरात वळण घेतले की हे ठोकळे वाकतात. गाडी स्टीअरिंगला उशिरा प्रतिसाद देते आणि वाकून वाकून रबर तापते. उंच खोडरबर उभे धरून कागदावर घासून पाहा, मग अर्धे झिजलेले घासा. फरक बोटांना कळेल. ३-४ मिलिमीटर नक्षी उरलेला टायर हा दुसऱ्या खोडरबरासारखा. टायर तासून घेणारे पैसे देऊन हेच विकत घेतात.

झिजलेला आणि जुना टायर एकच का?

अजिबात नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. दोन वर्षांत ४० हजार किलोमीटर धावून झिजलेला टायर वेगळा आणि सात वर्षे उन्हात उभ्या गाडीचा, नक्षी शाबूत असलेला टायर वेगळा. हवेतला ऑक्सिजन, ऊन, पुन्हा पुन्हा तापणे आणि गार होणे यांनी रबर कडक होत जाते. दुसरा टायर दिसायला देखणा, पण पकड देण्यात कच्चा. टायरच्या बाजूवर चार अंक छापलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनला. सेकंडहँड टायर घेताना नक्षीत बोट घालण्याआधी हे अंक वाचा, आणि बाजूला बारीक भेगा दिसल्या तर भाव कितीही पडला तरी उठून या.

नवशिक्याने काय करावे?

माझे मत सरळ आहे : पहिल्या हंगामात महागडे चिकट टायर घेऊ नयेत. साधा, झिजलेला पण ताज्या रबराचा टायर कमी वेगातच किंचाळू लागतो आणि हळूहळू सुटतो. आपण वळणात फार वेगाने शिरलो की ब्रेक उशिरा मारला, हे तो लगेच सांगतो. चिकट टायर अशा चुका झाकून टाकतो. हवा मात्र रोजच्यापेक्षा थोडी जास्त लागते. किती, ते कळण्यासाठी टायरच्या कडेवर खडूची रेघ ओढतात. फेरीनंतर ती बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर टायर वळणात फार दुमडतोय. बाहेरची कड सर्वांत आधी संपते, तिथे आतले धागे किंवा तारा दिसल्या की स्पर्धेआधीच्या तपासणीत गाडी बाद.

मग रस्त्यावर का नको?

पावसामुळे. कारसाठी आपल्या कायद्यात किमान १.६ मिलिमीटर नक्षीची अट आहे आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे हीच खूण दाखवतात. पण नक्षी त्याच्या बरीच आधी पाणी उपसायला कमी पडू लागते. पाणी बाहेर गेले नाही की टायर त्यावर तरंगतो, मग स्टीअरिंग फिरवून उपयोग नसतो. मैदानात गाडी गरगरली तर शंकू पडतो. जुलैत ताम्हिणी घाटात गरगरली तर समोरून एसटी येत असते. त्यामुळे असे टायर वेगळ्या रिमवर चढवून मैदानातच बदलावेत. चार जादा रिमचा खर्च परवडत नसेल, तर हा प्रयोग करू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ऑटोक्रॉस नावाने होणाऱ्या बऱ्याच स्पर्धा मातीच्या ट्रॅकवर असतात. तिथे हिशेब उलटा : सुट्या मातीत नक्षीच्या कडा रुततात तेव्हाच पकड मिळते, झिजलेला टायर नुसता घसरत राहतो. अमेरिकी व्हिडिओ पाहून जुने टायर माळ्यावर टाकण्याआधी आयोजकांना फोन करून ट्रॅक डांबरी आहे की मातीचा, एवढे विचारून घ्या.