कापसाचा करार आणि जोखमीची वाटणी

मृगाचा पाऊस पडला की वर्धा जिल्ह्यातील शेतकरी सरकी टोबतो. वेचलेला कापूस हिंगणघाट, आर्वी वा पुलगावच्या बाजारात येऊ लागतो तो दिवाळीच्या सुमारास. तोवर सुताला मागणी किती राहील, हे गिरणीलाही नक्की ठाऊक नसते. परंतु गिरणी बाजार पाहून पाऊल टाकते; शेतकऱ्याचे पाऊल जूनमध्येच पडून गेलेले असते.

हा भार वाटून घेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने केला. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याला हमीभाव आणि विक्रीत अधिक पैसे आले तर त्यात वाटा, ही तिची रचना मुळात सदोष नव्हती. परंतु तोट्याचा धनी शासनच होते आणि हमीभाव ठरविताना गिरण्यांच्या मागणीपेक्षा राजकीय निकड वरचढ ठरे. शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जाई. उतरला की तिकडचा इकडे येई. तूट वाढत गेली आणि २००२ मध्ये खासगी व्यापाराला दारे उघडली गेली.

आज आधारभूत किमतीचा टेकू आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ती क्विंटलमागे ८,११० रुपये ठरली. परंतु सरकी जमिनीत गेल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातकर वर्षअखेरपर्यंत माफ केला. पेरणीच्या वेळचा हिशेब त्यामुळे हंगामाच्या तोंडावर बदलला.

पेरणीपूर्वीचा करार यावर उपाय ठरू शकतो; मात्र एकच भाव ठरविणारा करार टिकत नाही. ठरलेला भाव १०० धरू. बाजार १२० वर गेला तर शेतकरी माल अन्यत्र नेतो. ८० वर आला तर गिरणीला अचानक प्रतीत खोट दिसू लागते. फरक निम्मानिम्मा वाटून घेतला, तर पहिल्या प्रसंगी ११० आणि दुसऱ्या प्रसंगी ९० मिळतील. करार मोडण्याचा मोह दोन्ही बाजूंनी निम्म्यावर येईल. मागणीचा अंदाज ज्याला अधिक, त्या गिरणीने किमान उचल मान्य करावी. वजन व प्रत ठरविणारा मात्र तिसरा असावा.

एकटा शेतकरी असा करार करून घेऊ शकणार नाही. त्यासाठी त्याची संस्था हवी. नफ्याची वाटणी सर्वांनाच सुचते. तोट्याची वाटणी आधी लिहून ठेवली नाही, तर तो दरवर्षी एकाच घरात मुक्कामाला येतो.