शुक्राची बरणी आणि अम्मींचे जुजदान



रजब महिन्यात आमच्या घरी एक बरणी आली. तशी ती जुनीच, लोणच्याची. थोरल्या लेकीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, बरणी धुतली, तिला सोनेरी कागद चिकटवला, वर उर्दूत ‘शुक्र’ लिहिले आणि घरात जाहीर केले: मगरिबच्या नमाजनंतर प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची. आज अल्लाहने जे दिले, त्यातली एक गोष्ट. आम्हाला कल्पना आवडली. आम्ही पेशाने शिक्षक. मुले न सांगता लिहायला बसतात, यापेक्षा अधिक काय हवे?

शब-ए-बरातच्या दुसऱ्या दिवशी बरणी उघडली. एकेक चिठ्ठी वाचताना हसू येत होते. “आज लाईट गेली नाही.” “गणिताची चाचणी सोपी होती.” “अकोल्याची गाडी वेळेवर आली, फुफी लवकर पोहोचली.” आमच्या स्वतःच्या चिठ्ठ्या पगार, पाऊस आणि तब्येत यांच्यापुढे गेल्या नव्हत्या. सगळ्या वाचून झाल्यावर धाकटा म्हणाला, “दादीची एकही चिठ्ठी नाही.” खरेच नव्हती. अम्मींना कुरआन शरीफ वाचता येते, लिहिण्याची सवय नाही. पण आम्हाला टोचले ते वेगळेच. अम्मींची चिठ्ठी नव्हती, तशी अम्मींबद्दलचीही कुणाची नव्हती.

अम्मींचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा आहे. त्यात सुया, दोऱ्याची रिळे, बटणे आणि चिंध्या. अब्बा रेल्वेत होते. पूर्णा जंक्शनवर रात्री-अपरात्री ड्युटी असायची. त्यांची वाट पाहत अम्मी शिवत बसायच्या. थंडीसाठी गोधड्या, मुलांसाठी टोप्या, मोहल्ल्यातल्या मुलींच्या निकाहसाठी जुजदान. ज्या घरात नवे कुरआन शरीफ येई, त्या घरी अम्मींच्या हातचे जुजदान जाई. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

त्या दिवशी लेकीने डबा उघडला, तर आत एक अर्धवट जुजदान निघाले. अब्बांच्या शेरवानीचा राहिलेला हिमरूचा तुकडा वरून, पांढरे सुती कापड आतून. दोन बाजू शिवलेल्या, तिसरीवर चार-सहा टाके आणि तिथेच सुई अडकवलेली. ते तिच्यासाठीच चालले होते. या वर्षी तिचा नाजरा कुरआन पूर्ण झाला, म्हणून.

“दादी, हे का थांबवलंत?”

अम्मी आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सुई का नाका दिखता नहीं बेटा. तागा पिरोने को किसकू-किसकू बुलाऊँ?”

आम्हाला आठवले. महिनाभर त्या रोज संध्याकाळी हाक मारत होत्या, “जरा सुई में तागा पिरो दे.” आणि आम्ही काय म्हणत होतो? “आत्ता आलो अम्मी, ही चिठ्ठी लिहून होऊ द्या.” शुक्राची चिठ्ठी! आधी हाक हळू झाली, मग बंद झाली. ती बंद झाल्याचेही आमच्या लक्षात आले नाही. फजरनंतर अम्मी कुरआन शरीफ समोर ठेवून बसत, पण पाने उलटत नसत. आम्हाला वाटले, पाठ आहे म्हणून उलटत नसतील. त्या आठवतील तेवढ्या सूरह मनातून म्हणत होत्या. अक्षरे दिसत नव्हती.

नांदेडला नेऊन डोळे दाखवले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक पिकत आलेला. ईदनंतरची ऑपरेशनची तारीख मिळाली आहे.

या महिन्यात जे सांगायचे, ते यातूनच सुचले. पवित्र कुरआनात सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यापासून चिलखते बनवण्याची, कड्या नीट मापाने जोडण्याची आज्ञा दिली. त्याच सूरहच्या १३व्या आयतीत दाऊद (अलै.) यांच्या घराण्याला शुक्र म्हणून कर्म करण्यास सांगितले आहे, आणि शुक्र करणारे थोडेच असतात, असेही म्हटले आहे. इथे शुक्र नुसता बोलायचा नाही, करायचा आहे. आणि तो एकट्या माणसाला नव्हे, घराण्याला सांगितला आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित मुहम्मद (स.) घरात आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, कपडे स्वतः शिवीत. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) हाताने काम करीत आणि त्या कमाईतून सदका देत. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचा शुक्र करीत नाही, या आशयाची हदीस तर आपण मुलांना पाठच करून घेतो.

अम्मींच्या हातातला हिमरूचा तुकडाही हेच शिकवतो. पुरुषांना निखळ रेशीम वापरण्याची मनाई आहे. म्हणून विणकरांनी सूत आणि रेशीम एकत्र आणले. मशरू नावाच्या कापडात रेशीम वर दिसते आणि अंगाला सूत लागते. या नावाचा अर्थच मुळी शरीअतने मुभा दिलेले. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूतही सुती ताण्यावर रेशमी बाणा असतो. दीनची मर्यादा पाळायची म्हणून कारागिरांनी हात आखडला नाही, नवी वीण शोधली.

घरी जुजदान शिवायचे असेल, तर अम्मींचे माप असे. कुरआन शरीफची रुंदी आणि जाडी यांची बेरीज करून तीत २ इंच मिळवा. ही कापडाची रुंदी. समजा ग्रंथ ८ इंच लांब, ६ इंच रुंद आणि २ इंच जाड आहे. तर पट्टी १० इंच रुंद आणि २६ इंच लांब घ्या. तेवढेच अस्तर घ्या. दोन्हींच्या सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून कडेने अर्धा इंच सोडून शिवा, एका ठिकाणी चार बोटे जागा मोकळी ठेवा. त्या जागेतून कापड उलटवून बाहेर काढा आणि ती जागा बंद करा. आता खालून साडेनऊ इंच वर दुमडा, दोन्ही बाजू कडेलगत शिवा. वर उरलेले सुमारे ६ इंच म्हणजे झाकण. त्याला बांधायला नाडी लावा. जुने कापड चालेल, पण आधी ते धुऊन पाक करून घ्या. मुलांना वुजू करून बसवा. काम सावकाश होते आणि भांडणही कमी होते.

बरणी आम्ही फेकली नाही. नियम मात्र बदलला. चिठ्ठीत घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एका माणसाचे नाव हवे, आणि ती बरणीत टाकण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवायची. दूधवाल्या काकांना धाकट्याने दारातच वाचून दाखवली, तेव्हा ते कॅन खाली ठेवून ऐकत राहिले. आणि चिठ्ठ्यांच्याही आधी, मगरिब झाली की दोन्ही मुले दहा सुयांत दोरा ओवून अम्मींच्या उशीला टोचून ठेवतात. आता अम्मी बोटांच्या अंदाजाने धावदोरा घालतात, बारीक टाके लेक घालते. तिसऱ्या बाजूची शिलाई वाकडी झाली आहे. आम्ही उसवायला सांगितली, तर अम्मी म्हणाल्या, “रहने दो, मेरी पोती का टाका है.”

वाचक भगिनी-बंधूंनो, रमजानच्या तयारीत घर झाडाल, डबे पुसाल. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचे अर्धवट राहिलेले एखादे काम दिसते का, पाहा, आणि ते का थांबले, हे त्यांच्याजवळ बसून विचारा. अम्मींच्या डोळ्यांसाठी दुआ करा. ऑपरेशननंतर नव्या जुजदानातून कुरआन शरीफ काढून पहिले पान आपणच उलटायचे, असे त्यांनी नातीला बजावले आहे.