थर्माकोलची अणुभट्टी

डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात विज्ञान प्रदर्शनांचा सीझन सुरू होतो आणि आपल्यासारख्या इंजिनीअरिंगच्या पोरांना अचानक भाव येतो. "दादा, मॉडेल करून दे ना", "ताई, छोटी मोटर कुठे मिळते गं?" शेजारची, नात्यातली, चाळीतली सगळी लहान मंडळी आपल्या दारात! आपणही खूश होऊन सोल्डरिंग गन घेऊन बसतो. या लेखात मला म्हणायचंय ते एवढंच, की मित्रांनो, ती सोल्डरिंग गन जरा बाजूला ठेवा.

कुठल्याही प्रदर्शनाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, पावसाचं पाणी साठवणारं पुठ्ठ्याचं घर. आणि तारापूर शेजारीच, त्यामुळे थर्माकोलची अणुभट्टी हवीच! चंदेरी रंग, आत लाल बल्ब. समोरचा सातवीतला मुलगा एका दमात म्हणून टाकतो, "भारतातलं पहिलं अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं..." एका प्रदर्शनात मदतीला गेलो होतो, तेव्हा अशाच एकाला मी विचारलं, "केंद्र समुद्राच्या काठावरच का बांधलं असेल रे?" पोरगं गप्प. मागे उभ्या असलेल्या सरांकडे बघायला लागलं. वाफ थंड करून तिचं परत पाणी करायला भरपूर गार पाणी लागतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गरम तव्यावर पाणी टाकून, झाकणावर जमलेले थेंब त्याला कुणी दाखवलेच नव्हते. यात त्याचा काय दोष? पाठांतर मात्र अगदी चोख होतं!

मॉडेल वाईट असतं असं मी म्हणत नाही. कापणं, चिकटवणं, मोजून जुळवणं यातही मुलं शिकतात, पण ते त्यांनी स्वतः केलं तर. आणि मॉडेल बहुतेक वेळा आधीच माहीत असलेलं उत्तर सजवून मांडतं. प्रयोगाची सुरुवात होते ती उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नापासून. आणि असे प्रश्न आपल्या भागात पायलीचे पन्नास पडलेत.

सातपाटीचंच घ्या. किनाऱ्यावरची जुनी माणसं भरतीची वेळ कशी सांगतात? तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. आता सहावीतल्या एखाद्या मुलीने काठीवर खुणा करून ती जेट्टीच्या खांबाला बांधली आणि पंधरा दिवस भरतीची वेळ वहीत लिहिली, तर तिला काय दिसेल? पाऊणच्या हिशोबाने भरती रोज ४५ मिनिटं पुढे जायला हवी, प्रत्यक्षात ती सरासरी ५० मिनिटांच्या आसपास पुढे जाते. मग हा फरक का? उधाणाला पाणी कुठवर चढलं, भांगाला कुठवर? आजोबांचा नियम चुकीचा, की तोंडी हिशोबाला पुरेसा बरोबर? खर्च एक काठी आणि एक वही. आणि निरीक्षण, नोंद, चूक मोजणं हे सगळं त्यात आलं.

डहाणू-जव्हारकडे कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली घरं आहेत आणि पत्र्याचीही. मे महिन्यात दुपारी दोन्हींत एकेक थर्मामीटर टांगा आणि दर तासाला बघा. जास्वंदीच्या रसात भिजवलेला कागद विहिरीच्या पाण्यात बुडवा. पाणी पिण्यासारखं आहे का ते त्यावरून कळणार नाही, आम्लारीचा अंदाज तेवढा येईल. आपली पट्टी काय मोजते आणि काय मोजत नाही हे कळणं, हेही विज्ञानच की!

हे विचार काही परदेशातून आणलेले नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आपल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे गेली. महागड्या साधनांच्या जागी बिया, पानं, शंख-शिंपले आले. ती बालवाडीची मुलं होती, पण तत्त्व तेच. आणि आपल्या जातभाईंचंही उदाहरण आहे बरं का! आयआयटी कानपूरमधून इंजिनीअर झालेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांना भूमिती हातात दिली. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं हाताने काम करता करता शिकतात.

तुम्ही म्हणाल, शाळांत प्रयोगशाळा कुठे आहेत? शिक्षकांना निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं. त्यांना वेळ कुठे आहे? खरंय. पण २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. पैसा आला, थ्रीडी प्रिंटर आला आणि पुन्हा मॉडेल दादानेच केलं, तर फरक काय पडला?

आणि हा प्रश्न फक्त लहान मुलांचा नाही. सहावीत दुसऱ्याने केलेल्या मॉडेलला बक्षीस मिळालं की एक धडा पक्का होतो : काम कुणीही करो, आपण बोलून दाखवलं की झालं. हाच धडा पुढे जर्नल छापायला शिकवतो आणि फायनल इयरला लॅमिंग्टन रोडवरून तयार प्रोजेक्ट उचलून आणायला लावतो. मग व्हायवाला एक्स्टर्नलने "हा रेझिस्टर इथे का?" विचारलं की आपणही गाइडकडे बघतो. त्या सातवीतल्या मुलासारखंच!

म्हणून यंदा आपण एवढं करूया. कुणी मॉडेल मागायला आलं की आधी त्याला विचारायचं, "तुला काय माहीत करून घ्यायचंय?" अवजारं द्यायची, हात त्याचे चालू द्यायचे. सुरी, मेनचा करंट असेल तिथे मात्र शेजारी उभं राहायचं. आणि परीक्षक म्हणून बोलावलं, तर चकचकीत मॉडेलआधी वही मागायची. "काय चाललं नाही? मग काय बदललंस?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे, मार्क त्याला. मॉडेल वाकडं असलं तरी चालेल.

महिन्यातला एक शनिवार आणि जवळची एक झेडपीची शाळा किंवा आश्रमशाळा, इतकं तर सबमिशनच्या गडबडीतही जमेल. बघा, पटतंय का!