हातचं सोडून पळत्याच्या पाठी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना. मुंबईच्या गिऱ्हाइकांची मसाल्याची मागणी आलेली, मिरच्या उन्हात कडकडीत वाळलेल्या, धणे भाजून तयार. मी पिशव्या रिक्षात टाकल्या आणि आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजारात काकूंच्या गिरणीवर गेले. बघते तर शटर खाली! शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? काकू माणगावला मुलाकडे गेल्या. गिरणी बंद केली. यंत्र भंगारात दिलं."

मी तिथेच पायरीवर बसले. बावीस वर्षं या गिरणीवर आमचा मसाला दळला गेला. आमच्या बचतगटाच्या मसाल्याची जी चव, तिच्यातली निम्मी काकूंच्या हातची. किती बारीक, किती जाडसर, कुठली मिरची आधी घालायची, हे सगळं त्यांना सांगावं लागत नसे. आणि त्या जाणार आहेत याचा आम्हाला पत्ताही नव्हता.

रात्री फोन केला. म्हटलं, "काकू, अहो एका शब्दानं तरी सांगायचं होतंत!"

त्या म्हणाल्या, "अगं, विचारलं कुणी? विजेचा दाब कमी-जास्त होऊन मोटार दोनदा जळली. दुरुस्तीवाला लांबून येतो, त्याचं येण्या-जाण्याचं भाडं मलाच. त्यात उधारी. तुमच्या गटाचेच तीन महिन्यांचे पैसे राहिले होते. मागायला जीव धजेना. म्हटलं, बायकांचा गट आहे, देतील."

मैत्रिणींनो, माझी त्या वेळी काय अवस्था झाली असेल! कारण त्याच तीन महिन्यांत आमच्या गटानं काय केलं होतं ठाऊक आहे? गुळगुळीत कागदावर चार रंगांत माहितीपत्रक छापलं होतं आणि एक मोठा फ्लेक्स बनवला होता. "कोकणची खरी चव!" नवं गिऱ्हाईक यावं म्हणून पैसे खर्च केले, आणि ज्या बाईमुळे ती चव होती तिचे पैसे थकवले. गटाची अध्यक्ष मी. चूक माझीच.

पुढे व्हायचं तेच झालं. मसाला दुसऱ्या गावाहून दळून आणला. भाडं वाढलं, आणि चव बदलली. मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहींनी स्पष्ट सांगितलं, काही नुसतीच गप्प झाली. गप्प झालेलं गिऱ्हाईक जास्त वाईट, कारण ते का गेलं हे कधी कळतच नाही.

गावाच्या विकासाची चर्चा निघाली की आपल्याकडे सगळ्यांची नजर नेहमी लांब असते. मोठा प्रकल्प येईल, मोठं हॉटेल येईल, मग बघा! आमच्या शेजारी दिघी बंदर आहे. दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यातून रोजगार आले तर आनंदच आहे, मुलांना मुंबईची वाट धरावी लागणार नाही. पण ते येईपर्यंत गावातली शिवणकामवाली, भाजीवाली, खानावळवाली, सायकल दुरुस्तीवाला हे टिकायला नकोत का? मोठ्या उद्योगाच्या बातमीला पेपरात जागा मिळते. एक गिरणी बंद झाली तर कोण छापतं?

एकाच गोष्टीवर गावानं विसंबून राहिलं तर काय होतं, हे आम्ही या किनाऱ्यावर पाहिलं आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये दिवेआगरला एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला. बघता बघता गाव पर्यटकांनी फुलून गेलं. आमच्या बोर्लीतूनच म्हसळ्याकडच्या गाड्या पुढे दिवेआगरला जातात, त्यामुळे आमच्या बाजारालाही चार पैसे दिसले. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मूर्ती चोरीला गेली, आणि वर्दळ ओसरली. मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधली साडेनऊ वर्षं कोण तगलं? माझ्या पाहण्यात तरी ज्या घरांनी पाहुण्यांशी नातं जोडलं होतं ती. "वहिनी, तुमच्या हातचे उकडीचे मोदक खायला आलोय," म्हणत दरवर्षी येणारी कुटुंबं त्या घरांकडे येतच राहिली.

त्यात ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचं नवं रोप लावलं तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आधी उभं आहे त्याच्या आळ्यात पाणी घाला. मग नवं लावा." त्या वेळी मला ते फक्त झाडांबद्दलच वाटलं.

गंमत म्हणजे सात समुद्रांपलीकडे हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली गेली आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात लिटलटन नावाचं शहर आहे. १९८०च्या दशकात तिथल्या एका बड्या कंपनीनं नोकरकपात केली आणि हजारो लोक बेकार झाले. तेव्हा नगरपालिकेनं बाहेरून दुसरी कंपनी बोलावण्याच्या मागे न लागता गावात आहेत त्या छोट्या धंद्यांना बाजाराची माहिती आणि मदत द्यायचं ठरवलं. त्या पद्धतीला नाव दिलं 'इकॉनॉमिक गार्डनिंग', म्हणजे अर्थव्यवस्थेची बागायत! माझ्या सासूबाई अमेरिकेत असत्या तर बड्या तज्ज्ञ ठरल्या असत्या.

असो. काकू गेल्यावर आम्ही काय केलं ते सांगते. कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

पहिलं काम, वही घेऊन फिरलो. दोघी-दोघींच्या जोड्या केल्या आणि बायका चालवतात त्या प्रत्येक दुकानात, खानावळीत, शिलाई यंत्राशी जाऊन बसलो. प्रश्न चारच. धंदा कसा चाललाय? काय अडतंय? गिऱ्हाईक कुठून येतं? आणि पुढच्या वर्षी या वेळी दुकान चालू असेल ना? या चौथ्या प्रश्नावर दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. एक पथ्य मात्र पाळलं. जिच्याशी उधारीचा व्यवहार आहे तिनं त्या घरी जायचं नाही, आणि ऐकलेलं चव्हाट्यावर न्यायचं नाही.

दुसरं, पंधरा दिवसांत उत्तर घेऊन परत गेलो. नुसती चौकशी करून न फिरकणारी माणसं आपण खूप पाहिली आहेत. काम झालं नसेल तर "अजून झालं नाही" हे सांगायला जायचं. त्यानं विश्वास बसतो.

वहीतल्या अडचणी आम्ही तीन रकान्यांत लिहिल्या. आपल्या हातात असलेल्या, ग्रामसभेत मांडायच्या, आणि वरच्या कचेरीत न्यायच्या. पहिला रकाना सगळ्यात लांब निघाला याचं आम्हालाच आश्चर्य वाटलं! पापडवालीला वाटत होतं परवान्यासाठी शहरात खेटे घालावे लागतील. छोट्या घरगुती खाद्यपदार्थ उद्योगाला फक्त नोंदणी पुरते आणि ती मोबाइलवरूनही होते. माझ्या भाचीनं ती एका दुपारी करून दिली. एकीचा मोबाइल क्रमांक दुकानाच्या पाटीवर चुकीचा रंगवलेला होता. गिऱ्हाईक फोन करून थकायचं आणि ती म्हणायची, हल्ली कुणी विचारतच नाही!

तिसरं, स्थानिक बाईचं देणं आधी. ज्यांच्याकडून माल घेतो, दळून घेतो, शिवून घेतो, त्यांचे पैसे आता आठवड्याच्या आठवड्याला. फ्लेक्स, सत्कार, शाल-श्रीफळ हे सगळं त्यानंतर.

चौथी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खूप धंदे तोट्यानं बंद पडत नाहीत. पुढे चालवायला कुणी नाही म्हणून पडतात. आमच्याकडच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींना दिसायला कमी झालं होतं, मुलगी लग्न होऊन गेलेली. गावात नवीन आलेल्या एका सुनेला शिवण येत होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं. दोघींची गाठ घालून दिली. मावशी बेततात, सून शिवते. पैसे वाटून घेतात. गणपतीच्या आधी दोघींना मान वर करायला फुरसत नसते.

आता गिऱ्हाइकांचं. नवं गिऱ्हाईक आणायला जाहिरात लागते, जुन्याला एक फोन पुरतो. आमच्या खानावळवाल्या मैत्रिणींना आम्ही सांगितलं, येणाऱ्या पाहुण्याचं नाव, गाव, फोन आणि त्याला काय आवडलं हे लिहून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीआधी साधा निरोप धाडा. मसाल्याच्या पाकिटावर दळल्याची तारीख घाला. आपली जागा भरली असेल तर पाहुण्याला "नाही" म्हणून परत पाठवू नका, शेजारणीकडे पाठवा. उद्या तीही पाठवेल. आणि एकमेकींचे भाव पाडू नका. पन्नास रुपये कमी करून शेजारणीचं गिऱ्हाईक ओढलं, तर पुढच्या हंगामात तीही तेच करते आणि शेवटी दोघींच्या ताटातलं खोबरं कमी होतं.

बाणकोट खाडीपलीकडचं, मंडणगड तालुक्यातलं वेळास पाहा. 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेनं २००२ मध्ये तिथे समुद्री कासवांची अंडी वाचवायचं काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, घरचं जेवतात. जे किनाऱ्यावर होतंच ते आधी जपलं, आणि पाहुणे त्यामागून आले.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बाजारात बसणारी बाई पाटी सोडून बँकेत येऊ शकत नाही, हे ओळखून बँकेची माणसं तिच्यापर्यंत जाऊ लागली. बायकांच्या धंद्याला मदत करायची तर आपणच उठून तिच्या ओट्यापाशी जावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही साध्या बायका, आमचं कोण ऐकतं? ऐकावं लागतं! आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथे आपण हळदीकुंकवाइतक्याही संख्येनं जात नाही, ही आपली चूक. आम्ही विजेच्या दाबाचा विषय वहीसकट त्या सभेत मांडला. कुणाकुणाची यंत्रं कुठल्या महिन्यात जळली हे नावानिशी, तारखेनिशी लिहिलेलं होतं. नुसती तक्रार उडवून लावता येते, लिहिलेली वही उडवून लावता येत नाही. प्रश्न पूर्ण सुटला असं नाही म्हणणार, पाठपुरावा चालू आहे.

काकू काही परत आल्या नाहीत. त्यांचे तीन महिन्यांचे पैसे घेऊन मी स्वतः माणगावला गेले. त्यांनी चहा केला, पैसे देवापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "गिरणीची आठवण येते गं. झोपेतसुद्धा आवाज येतो." मी काय बोलणार? मसाला आजही दुसऱ्या गावाहूनच दळून येतो, आणि प्रत्येक पाकीट बंद करताना मला ते खाली ओढलेलं शटर दिसतं.

म्हणून सांगते, या आठवड्यात बाजारात जाल तेव्हा भाजी, चोळी, पीठ जिच्याकडून घेता, तिच्यापाशी दोन मिनिटं थांबा. "मावशी, कसं चाललंय?" एवढंच विचारा. आणि तिचे काही राहिले असतील, तर ते तिथल्या तिथे देऊन टाका.