विजोड टायरवर पावसाळा काढू नका

अहिल्यानगर जिल्ह्यात चारचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला, टायर विकणाऱ्या-बसवणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला आणि ज्यांची मुले व्हॅनने शाळेत जातात त्या आईवडिलांना ही कळकळीची विनंती आहे.

मृग तोंडावर आला आहे. काजवे पाहायला राजूर-भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागेल, जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, शिर्डी आणि शिंगणापूरची वर्दळ तर बारमाही आहे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेली धूळ, सांडलेले डिझेल-ऑइल आणि टायरचे झिजलेले रबर पहिल्या सरीत कालवले जाते आणि डांबर कमालीचे निसरडे होते. ती सर येण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा आणि चारही टायर वाचून काढा. कंपनीचे नाव, नक्षीचे नाव, आकार असे सगळे टायरच्या अंगावर उठावाच्या अक्षरांत छापलेले असते. चारांत एखादा बाकीच्यांहून वेगळा निघाला, तर ही विनंती खास तुम्हालाच आहे.

तो वेगळा टायर तिथे कसा येतो, हे आपण सगळे जाणतो. नगर-मनमाड रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठीच ओळखला जातो. राहुरीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी चाक दाणकन आदळते, टायरच्या बगलेला कट जातो, स्टेपनी लावून आपण कसेबसे दुकान गाठतो. घरी पोचायची घाई असते, खिशात मोजके पैसे असतात. "एकच टाका, बाकी तीन चांगले आहेत," असे आपण म्हणतो. दुकानदार त्या आकाराचा जो टायर समोर असेल तो चढवतो. गाडी सुरू होते, सरळ चालते, आणि आपण ती गोष्ट विसरून जातो. कोरड्या रस्त्यावर, साठच्या वेगात, विजोड टायर बहुधा काहीच बोलत नाही. म्हणूनच तो महिनोन्महिने तसाच राहतो.

पण आत काय चालते ते पाहा. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांचा आकार. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. शेजारचा जुना टायर झिजून अडीच मिलिमीटरवर आला असेल, तर त्याचा घेर नव्यापेक्षा सुमारे साडेतीन सेंटिमीटरने लहान झालेला असतो. म्हणजे एक किलोमीटर जाताना जुन्या चाकाला नव्यापेक्षा नऊएक फेरे जास्त मारावे लागतात. नगरहून पुण्याला, १२० किलोमीटर गेलात, की हजाराहून अधिक जादा फेरे. दोन चाकांमधला हा फरक डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत निस्तरत बसावे लागते. एबीएसचे सेन्सर चारही चाकांचा वेग मोजून कोणते चाक घसरते आहे ते ओळखतात. त्यांनाही चुकीची माहिती जात राहते. कोणताही शेतकरी एक थोराड आणि एक खुरटा बैल एका जुवाला जुंपत नाही, आणि आपण मात्र घरच्या माणसांना बसवून अशी जोडी शंभरच्या वेगाने पळवतो.

पाऊस सुरू झाला की हा फरक जिवावर बेततो. टायरच्या खाचा म्हणजे पाणी बाहेर काढायच्या वाटा. खोल खाचांचा टायर खालचे पाणी फेकून रस्ता धरून ठेवतो. झिजलेल्या टायरखाली पाण्याचा थर तसाच राहतो, वेग वाढला की टायर त्या थरावर चढतो आणि रस्ता सुटतो. एका बाजूच्या चाकाने रस्ता धरला आहे आणि दुसऱ्या बाजूचे पाण्यावर तरंगते आहे, अशा वेळी ब्रेक दाबला तर गाडी एका अंगाला ओढली जाते. चंदनापुरी घाटात किंवा करंजी घाटाच्या उतारावर ती कुठल्या अंगाला ओढली जाते, यावर सगळे अवलंबून असते.

म्हणून पहिले मागणे हे, की टायर जोडीने बदला. पुढची दोन चाके एक जोडी, मागची दोन दुसरी. एका जोडीतले दोन्ही टायर एकाच आकाराचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत. कंपनी एक असली तरी तिच्या नक्ष्या अनेक असतात, रबरही वेगवेगळे असते, तेव्हा नुसते कंपनीचे नाव जुळवून भागत नाही. आकाराच्या पुढे भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर असते, तेही गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा कमी नको. रेडियल आणि जुन्या धाटणीचा साधा टायर एका जोडीत कधीच नको. गाडी अगदी नवी असेल, खाचांतला फरक दीड-दोन मिलिमीटरच्या आत असेल आणि तोच टायर मिळत असेल, तर एकटा बदलला तरी चालते. चारही चाकांना कायम ताकद जाणारी गाडी असेल तर मात्र चारही टायर सारखेच लागतात. थारसारख्या गाडीत फोर-बाय-फोर लावल्यावर पुढची-मागची चाके एकमेकांशी जखडली जातात. घेरातला फरक मग थेट गिअरांवर येतो.

जोडी घेणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे. एक टायर चार-पाच हजारांचा. त्यावर एक वाट आहे आणि ती फार कमी जणांना सुचवली जाते. डिकीतली स्टेपनी बघा. ती चार चाकांच्याच आकाराची असेल आणि न वापरता पडून असेल, तर तिच्याच कंपनीचा, तिच्याच नक्षीचा एक नवा टायर घ्या. दोघांची जोडी लावा आणि फुटलेल्या टायरचा जुना जोडीदार चांगल्या स्थितीत असेल तर स्टेपनी म्हणून ठेवा. खर्च एकाच टायरचा. मात्र आधी स्टेपनीचे वय पाहा. टायरच्या बगलेवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला. पडून पडून रबर कडक झाले असेल, बगलेला बारीक भेगा दिसत असतील, तर तो टायर जोडीत घेऊ नका. आणि हल्ली अनेक गाड्यांत स्टेपनी मुद्दाम लहान आकाराची देतात, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती दुकानापर्यंत पोचण्यापुरतीच.

आता दुसरे मागणे, आणि इथे बहुतेक दुकानांत वाद होतो. नवी जोडी मागे लावा. आपल्याकडे ती हमखास पुढे लावतात, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, टायर झिजतातही पुढचेच. ऐकायला पटते, पण ओल्या रस्त्यावर उलटे होते. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंग हलके लागते, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो, वेग उतरतो आणि पकड परत येते. मागची घसरली तर हाताला काहीच कळत नाही. गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि लक्षात येईपर्यंत गाडी आडवी झालेली असते. तिला सावरणे तुमच्या-माझ्यासारख्या साध्या चालकाच्या हातात नसते. टायर कंपन्याही हेच सांगतात. दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी "मागे लावा" एवढे ठामपणे म्हणा.

बगलेला कट किंवा फुगा आला असेल, तर तो टायर दुरुस्त होत नाही. आतून गेटर टाकून किंवा ट्यूब घालून तो चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका; फुगा आला याचा अर्थ आतले धागे तुटलेले आहेत. पंक्चर काढता येते ते फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातले, तेही साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाचे. सेकंडहँड टायर घेताना तर डोळ्यांत तेल घालून बघा. झिजलेल्या टायरला हत्याराने पुन्हा खाचा कोरून, वर काळे पॉलिश मारून तो चकचकीत करता येतो. खाचेत बोट फिरवा. अधूनमधून एक बारीक आडवी पट्टी लागते, झीज दाखवण्यासाठी ती कंपनीनेच ठेवलेली असते. नक्षी त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायरचे आयुष्य संपले. पट्टी कुठेच लागत नसेल, किंवा तीच कोरलेली दिसत असेल, तर तो टायर परत करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमानुसार चारचाकीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी असावीच लागते. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. पावसाळ्यात इतक्यापर्यंत थांबूच नये.

समृद्धी महामार्गाने या प्रश्नाची धार वाढवली आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ ला महामार्ग मुंबईच्या बाजूने आमण्यापर्यंत पोचला. कोपरगाव तालुक्यातून वर चढले, की लहान गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आणि पुढे तासन्‌तास सरळ सिमेंटचा रस्ता. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या, ते योग्यच झाले. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा जीव गेला, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन विभागाच्या अहवालाने मात्र ते मान्य केले नाही. प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारू नये, हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की चालकाच्या हातात नसलेल्या गोष्टी रस्त्यावर पुष्कळ आहेत आणि टायर त्यांतला नाही. हवाही टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधीच तपासा. दाराच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा बघून भरा. कमी हवेचा टायर वेगात सारखा दबतो, तापतो आणि फुटतो.

देशात नवे वाहन रस्त्यावर येण्याआधी ज्या मोजक्या संस्थांकडून त्याच्या नमुन्याची तपासणी करून घ्यावी लागते, त्यांतली व्हीआरडीई आपल्या नगरमध्ये आहे. ज्या शहरात गाड्या अशा पारखल्या जातात, त्या शहरातल्या दुकानदारांकडून एक अपेक्षा ठेवायला हरकत नसावी. गिऱ्हाईक एकच टायर मागेल, तेव्हा जोडीतला दुसरा टायर आधी मोजा, आकडा गिऱ्हाइकाला दाखवा, डिकीतली स्टेपनी बाहेर काढून बघा आणि मगच टायर चढवा. पाच मिनिटांचे काम आहे. गिऱ्हाईक तुमचेच राहील.

शाळेच्या व्हॅनचालकांशी पालकांनी याच आठवड्यात बोलावे. दादांवर संशय घेतल्यासारखे होईल म्हणून संकोच करू नका. सुट्टीत दोन महिने उभी राहिलेली गाडी आहे, टायर एकत्र बघू या, असे म्हणा. जोडी बदलावी लागली आणि त्यांना ती झेपत नसेल, तर एका व्हॅनमधल्या दहा-बारा मुलांच्या घरांनी मिळून ती घेऊन द्यावी. प्रत्येक घराला हजाराच्या आत खर्च येतो.